'सत्य' नावाचे वर्तमानपत्र



या सदरातून आपण वेळोवेळी निरनिराळ्या देशांतील लोकजीवनाचा परिचय करून घेत असतो. आज रुमानियातील वृत्तपत्रांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी पडेल. 'आपल्याला रुमानियाशी काय कर्तव्य?' असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि ज्यांचे बालपण लोद, बीर शेबा, दिमोना यांसारख्या गावांत गेले, त्यांना आठवत असेल की ज्या जिन्यात एखादे रुमानियन बिऱ्हाड नाही असा जिना त्या काळी क्वचितच आढळे.

लोद येथील आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर याश शहरातून आलेले एक गृहस्थ राहत. आम्ही मुले आपसांत त्यांना 'रुमानियन काका' म्हणत असू. कामावरून परतल्यावर ते दाराबाहेर खुर्ची टाकीत आणि रुमानियन भाषेतील दैनिक उघडीत. इस्राएलमध्येच निघणाऱ्या त्या दैनिकाचे नाव होते 'विआत्सा नोआस्त्रा', म्हणजे 'आमचे जीवन'. त्याच वेळी वरच्या गॅलरीत माझे वडील मुंबईहून टपालाने आलेले, पंधरा-वीस दिवसांचे शिळे मराठी वर्तमानपत्र वाचीत बसलेले असत. एकाला दुसऱ्याची लिपी ठाऊक नव्हती, भाषाही नाही. पण पान उलटताना दोघांची दृष्टादृष्ट झाली की दोघेही समजुतीने मान हलवीत.

एकदा मी काकांना विचारले, "तुम्हाला हिब्रू वाचता येते, मग हे कशाला घेता?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, आमच्या देशात 'सत्य' नावाचे एक वर्तमानपत्र होते. ते बंद पडले. नंतर जी उरली, त्यांनी 'पाचशे' असे छापले." एवढे बोलून त्यांनी पुन्हा पानात डोके घातले. त्या पाचशेंचा अर्थ मला त्या वयात कळला नाही. तो कळावयास बरीच वर्षे जावी लागली. आजचा लेख त्या एका वाक्याचा उलगडा करण्यासाठीच आहे असे समजावे.

रुमानियन वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ १८२९ साली झाला. त्या वेळी रुमानिया हा एकसंध देश अस्तित्वात नव्हता. वालाखिया आणि मोल्दाविया ही दोन मांडलिक संस्थाने होती, आणि ट्रान्सिल्व्हानिया हाब्सबुर्ग साम्राज्याखाली होता. एप्रिल १८२९ मध्ये वालाखियाची राजधानी बुखारेस्ट येथे इयोन हेलियादे रादुलेस्कू यांनी 'कुरिएरुल रोमानेस्क' (रुमानियन निरोप्या) सुरू केले, आणि जूनमध्ये मोल्दावियाच्या याश नगरीत गेऑर्गे आसाकी यांनी 'आल्बिना रोमानेआस्का' (रुमानियन मधमाशी) काढले. ट्रान्सिल्व्हानियातील ब्राशोव येथे १८३८ च्या मार्च महिन्यात गेऑर्गे बारित्स यांनी 'गाझेता दे ट्रान्सिल्व्हानिया' काढले. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत तिन्ही प्रदेशांत मातृभाषेतील वृत्तपत्र उभे राहिले.

येथे एका शिक्षकाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगण्यासारख्या वाटतात. पहिली अशी की, हे तिन्ही संपादक शिक्षक होते. हेलियादे बुखारेस्टच्या सेंट साव्हा विद्यालयात शिकवीत. आसाकी यांनी याश येथे रुमानियन भाषेतून गणित व अभियांत्रिकी शिकविण्याचा पायंडा पाडला. आणि बारित्स ब्राशोवला मुळात शिक्षक म्हणूनच आले होते. आपले 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, त्याचे कर्ते बाळशास्त्री जांभेकर हेही एल्फिन्स्टनचे अध्यापकच. जगाच्या दोन टोकांना, परस्परांची वार्ताही नसताना, एकाच प्रकारच्या माणसांना एकाच सुमारास एकच गरज भासली. वर्गात जे शिकवावयाचे ते वर्गाबाहेरच्या प्रौढांपर्यंत पोहोचविण्याचे दुसरे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

दुसरी गोष्ट लिपीची. रुमानियन भाषा लॅटिनपासून निघालेली, परंतु तिची लिपी शतकानुशतके सिरिलिक होती, आणि ही पहिली वृत्तपत्रे त्याच लिपीत छापली गेली. पुढे हळूहळू रोमन अक्षरे शिरली. मध्यंतरी काही वर्षे एकाच शब्दात दोन्ही लिप्यांची अक्षरे मिसळलेली अशी संक्रमणकालीन लिपी चालली, आणि १८६० नंतरच्या काही वर्षांत रोमन लिपी स्थिर झाली. मोडीत लिहिणारे आणि बाळबोधीत छापलेले वाचणारे आपले आजे-पणजे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कसरत नवी वाटणार नाही. जुना वाचक न तोडता नवी लिपी शिकवावयाची, हे काम तेथे शाळेइतकेच वृत्तपत्रांनीही केले.

आता प्रादेशिक वृत्तपत्रांकडे वळू. आपल्याकडे 'प्रादेशिक' म्हटले की दुय्यम, असा एक समज आहे. रुमानियात इतिहास उलटा आहे. ट्रान्सिल्व्हानियातील रुमानियन जनतेला राजकीय अधिकार नव्हते. त्यामुळे तेथील वृत्तपत्र हीच त्यांची सभा, तेच त्यांचे गाऱ्हाणे मांडण्याचे ठिकाण. 'गाझेता'च्या वाङ्मयीन पुरवणीत १८४८ साली आंद्रेय मुरेशानू यांची एक कविता छापली गेली. तीच १९९० पासून रुमानियाचे राष्ट्रगीत आहे. सिबिउ शहरात १८५३ च्या जानेवारीत आंद्रेय शागुना या धर्माधिकाऱ्यांनी 'तेलेग्राफुल रोमान' सुरू केले. साम्राज्ये बुडाली, राजे गेले, साम्यवादी आले आणि गेले, तरी ते अखंड चालू राहिले. याच सिबिउमध्ये १८८४ साली कथाकार इयोन स्लाविच यांनी 'त्रिबुना' काढले आणि लेखनाच्या अपराधाबद्दल हंगेरीतील वात्स येथील तुरुंगात वर्षभर काढले. 'केसरी' आणि 'मराठा' यांतील लिखाणापायी १८८२ साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले एकशे एक दिवस येथे कोणास आठवणार नाहीत?

राजधानीची वृत्तपत्रे मोठी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८४ साली लुइजी कात्साविलान या इटालियन गृहस्थाने बुखारेस्टमध्ये 'उनिव्हेर्सुल' (विश्व) काढले आणि स्वस्त दरात घरोघर पोहोचविले. १८८८ साली आलेक्सांद्रू बेल्दिमान यांनी 'आदेव्हारुल' बुखारेस्टमध्ये नव्याने सुरू केले. हेच ते 'सत्य'. बेल्दिमान हे परकीय राजघराण्याचे कडवे विरोधक होते. त्यांच्यानंतर कॉन्स्टांटिन मिले यांच्या हाती ते आले. मिले यांनी १९०४ साली त्याला 'दिमिन्यात्सा' हे भावंड जोडले. 'दिमिन्यात्सा' म्हणजे सकाळ. १९३२ साली पुण्यात डॉ. परुळेकरांनी आपल्या दैनिकास नेमके तेच नाव दिले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

'आदेव्हारुल'मध्ये यहुदी पत्रकारांची संख्या लक्षणीय होती. पुढे त्याचे संचालक झालेले कॉन्स्टांटिन ग्राउर हेही यहुदीच. लोकशाहीचा आणि सर्वांना समान नागरिकत्वाचा पुरस्कार करणारे पत्र अशी त्याची ख्याती होती. साहजिकच १९३० नंतरच्या दशकात द्वेषाचे राजकारण बळावले तेव्हा पहिला रोख त्याच्यावर वळला. स्तेलियान पोपेस्कू यांच्या हाती असलेल्या 'उनिव्हेर्सुल'ने त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली. एका वृत्तपत्राने दुसऱ्याचा गळा दाबण्यास मदत करावी, हे दुर्दैव त्या देशाने पाहिले. १९३७ च्या डिसेंबरअखेर ऑक्तावियान गोगा आणि ए. सी. कूझा यांचे सरकार आले. थोड्याच दिवसांत 'आदेव्हारुल', 'दिमिन्यात्सा' आणि 'लुप्ता' ही तीन दैनिके बंद करण्यात आली. लागोपाठ जानेवारी १९३८ मध्ये यहुद्यांच्या नागरिकत्वाची फेरतपासणी करण्याचा हुकूम निघाला, आणि त्यापायी दोन लाखांहून अधिक माणसांचे नागरिकत्व गेले. क्रम लक्षात घ्यावा. आधी जो बोलू शकत होता त्याचे तोंड बंद केले. ज्याच्यावतीने तो बोलत होता त्याची पाळी त्यानंतर आली.

आणि आता ते 'पाचशे'. १९४१ च्या जूनअखेर याश शहरात यहुद्यांची भीषण कत्तल झाली. घराघरांतून ओढून नेऊन माणसे मारली, आणि उरलेल्यांना बंद मालडब्यांत कोंबून दोन आगगाड्या उन्हातून दिवस दिवस फिरविल्या. तहानेने आणि श्वास कोंडून त्यांत हजारो मेले. जुलैच्या आरंभी वृत्तपत्रांतून सरकारी पत्रक प्रसिद्ध झाले. सैन्यावर गोळ्या झाडणाऱ्या पाचशे 'यहुदी साम्यवाद्यांना' देहदंड दिला, असे त्यात म्हटले होते. मृतांचा खरा आकडा तेरा हजारांहून अधिक होता. मेलेल्यांत लहान मुले होती, वृद्ध होते; गोळ्या कोणी झाडल्या नव्हत्या. छापलेला शब्द खोटा होता, आकडा खोटा होता, कारणही खोटे होते, आणि ते तपासून पाहू शकणारे 'सत्य' साडेतीन वर्षांपूर्वीच बंद झाले होते. रुमानियन काका त्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांचे वडील त्या दोनपैकी एका गाडीत होते. आपल्या वडिलांना त्या पाचशेंत धरावे की न धरावे, हे त्यांना आयुष्यभर ठरविता आले नाही.

वृत्तपत्रांनी जे छापले नाही ते कधी कधी दैनंदिनीत उरते. मिहाइल सेबास्तियान हे यहुदी लेखक पूर्वी बुखारेस्टच्या 'कुव्हान्तुल' दैनिकात काम करीत. १९३५ ते १९४४ या काळातील त्यांची दैनंदिनी १९९६ साली रुमानियात प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या देशाच्या नव्या पिढीने आपल्याच राजधानीचे ते दिवस प्रथमच इतक्या जवळून पाहिले. खुद्द रुमानियन सरकारने नेमलेल्या, एली विझेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला तो २००४ साली. म्हणजे एक खोटा आकडा अधिकृतपणे खोडून निघण्यास त्रेसष्ट वर्षे लागली.

युद्धानंतर साम्यवादी राजवट आली. 'आदेव्हारुल' १९४६ मध्ये पुन्हा निघाले आणि १९५१ मध्ये पुन्हा थांबले. 'उनिव्हेर्सुल'ही १९५३ साली मिटले. आता एकच मुख्य पत्र उरले. ते पक्षाचे 'स्कन्तेया', म्हणजे ठिणगी. त्याच्यासाठी बुखारेस्टमध्ये मॉस्कोच्या धर्तीवर एक अवाढव्य इमारत उभारली, समोर लेनिनचा पुतळा बसविला. प्रत्येक जिल्ह्याला पक्षाचे एकेक दैनिक मिळाले: तिमिश्वाराला 'लाल ध्वज', कॉन्स्टान्त्साला 'नवा दोब्रोजा', क्लूजला 'मशाल'. नावे निराळी, जिल्हे निराळे, पण पहिले पान एकच. त्यावर चाउशेस्कू यांचे छायाचित्र, त्यांचे भाषण, आणि धान्योत्पादनाचे आकडे. दुकानात पावासाठी रांगा लावणारा माणूस घरी येऊन विक्रमी पिकाची बातमी वाची. अशा वेळी वाचक शेवटच्या पानावरून वाचावयास लागतो. मृत्यूच्या वार्ता, फुटबॉलचे निकाल आणि हवामान एवढ्यांवर त्याचा काय तो विश्वास उरतो.

सत्तेला लिखाणाचे भय किती असावे? २८ मार्च १९८३ च्या हुकुमान्वये टंकलेखन यंत्र बाळगण्यास पोलिसांचा परवाना आवश्यक झाला. यंत्राच्या अक्षरांचा नमुना पोलीस ठाण्यात नेऊन द्यावा लागे, म्हणजे एखादे निनावी पत्रक सापडल्यास ते कोणत्या यंत्रावर उमटले ते ओळखता यावे. अशाही काळात 'रोमानिया लिबेरा' या दैनिकातील पेत्रे मिहाय बाकानू, आन्तोन उन्कू व मिहाय क्रेआंगा हे तीन पत्रकार आणि आलेक्सांद्रू किवोयू हे मुद्रक यांनी गुप्तपणे एक स्वतंत्र पत्र छापण्याचा घाट घातला. अंक लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच, जानेवारी १९८९ मध्ये, ते पकडले गेले. बाकानू तुरुंगातून सुटले ते २२ डिसेंबर १९८९ रोजी, राजवट कोसळली त्याच दिवशी. त्यानंतर 'रोमानिया लिबेरा'ची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या डिसेंबरातील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १७ डिसेंबरला तिमिश्वारा येथे निदर्शकांवर गोळीबार झाला. वृत्तपत्रांत त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. मात्र दुसऱ्या दिवशी पक्षाच्या युवक दैनिकात, ऐन हिवाळ्यात, समुद्रकिनारी उन्हात बसणाऱ्यांसाठी सूचना छापून आल्या! उन्हात एकदम जाऊ नये, हळूहळू सवय करावी, अशा आशयाच्या. तो गुप्त संदेश होता, थट्टा होती, की निव्वळ कोणाची लहर, याविषयी आजही मतभेद आहेत. मला त्यातून एवढेच दिसते की, ज्या देशात वृत्तपत्र सरळ बोलत नाही, तेथे लोक हवामानाच्या ओळींतही भविष्य शोधू लागतात.

चार-सहा दिवसांत सारे पालटले. २२ डिसेंबरला 'लिबेर्तातेआ' (स्वातंत्र्य) हे नवे पत्र रस्त्यावर आले. क्लूजमधील हंगेरियन भाषिकांचे जुने दैनिक 'साबाद्शाग' या नव्या नावाने निघाले. त्याचाही अर्थ स्वातंत्र्यच. 'स्कन्तेया'च्या जागी २५ डिसेंबरला अवतरले, कोण? 'आदेव्हारुल'! अडतीस वर्षांनी ते जुने नाव परत आले, पण लेखणी धरणारे हात पुष्कळसे कालच्या पक्षपत्राचेच होते. जिल्ह्याजिल्ह्यांतही असेच झाले: तिमिश्वाराचा 'लाल ध्वज' उतरून 'बनातचे पुनरुज्जीवन' आले, कॉन्स्टान्त्सामध्ये 'मुक्त विचार' आले, आणि ब्राशोवच्या दैनिकाने बारित्स यांच्या 'गाझेता'चे नाव धारण केले. पाटी एका रात्रीत बदलते. सवय बदलण्यास वेळ लागतो.

नव्या स्वातंत्र्याचे तोटेही दिसले. १९९२ साली निघालेल्या 'एव्हेनिमेन्तुल झिलेइ' या दैनिकाचा खप लाखांवर गेला, पण एका कोंबडीने अंड्याऐवजी जिवंत पिले दिली ही त्यातली बातमी रुमानियन पत्रकारितेत म्हणीसारखी होऊन बसली आहे. जिल्ह्याची पत्रे पुष्कळ ठिकाणी स्थानिक धनिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या हाती गेली. जाहिरात देणारा दुखावू नये म्हणून बातमी गिळली जाऊ लागली. पुढे संगणकाच्या पडद्यावर सारे फुकट मिळू लागताच छापील अंकांची संख्या घसरत गेली. २००५ साली 'आदेव्हारुल'मधून बाहेर पडलेल्या पत्रकारांनी मोठ्या उमेदीने काढलेले 'गन्दुल' (विचार) २०११ मध्ये कागदावर छापणे थांबले.

तर मग वृत्तपत्रांचे दिवस सरले म्हणावे काय? ३० ऑक्टोबर २०१५ च्या रात्री बुखारेस्टमधील 'कोलेक्टिव्ह' या नाचगाण्याच्या ठिकाणी आग लागली. एकूण चौसष्ट माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक त्या रात्री नव्हे, तर पुढे रुग्णालयांत. भाजलेली, पण वाचू शकतील अशी तरुण मुले का मरत आहेत, हा प्रश्न कोणी लावून धरला? 'गाझेता स्पोर्तुरिलोर' या खेळांच्या दैनिकाने! कातालिन तोलोन्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या वसंतात उघड केले की, रुग्णालयांना पुरविले जाणारे जंतुनाशक पाणी घालून कित्येक पट पातळ केलेले होते. मे महिन्यात आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. फुटबॉलचे निकाल छापणाऱ्यांनी आकडे तपासण्याची सवय सोडली नव्हती. तीच येथे उपयोगी पडली.

रुमानियाच्या यहुद्यांनी आपली वृत्तपत्रे येथेही आणली. क्लूज येथे १९१८ साली सुरू झालेले 'उय केलेत' (नवा पूर्व) हे हंगेरियन भाषेतील यहुदी पत्र १९४० मध्ये बंद पडले, ते १९४८ साली तेल अवीवमध्ये पुन्हा उभे राहिले. मागे राहिलेल्यांसाठी बुखारेस्टमध्ये १९५६ पासून मुख्य रब्बी मोझेस रोझेन यांच्या नेतृत्वाखाली रुमानियन, यिद्दिश आणि हिब्रू अशा भाषांतून पाक्षिक निघे. साम्यवादी राज्यात हिब्रू अक्षरे उघडपणे छापली जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

रुमानियन काकांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या मुलांनी घर आवरले तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे जिन्याखाली ठेवले होते. मी चार अंक मागून घेतले. मला ते वाचता येत नाहीत. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी ते बाकांवर फिरविते, आणि मुलांना एकच गृहपाठ देते. एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रे घ्या, एकच बातमी दोन्हीकडे वाचा, आकडे जुळतात का पहा, आणि जुळत नसतील तर का, ते लिहून आणा. मुले कुरकुरतात, पण काहीजण खरोखर लिहून आणतात. गेल्या वर्षी एका मुलीने वहीत शेवटी प्रश्न लिहिला होता: "मोरा, आणि एकच वर्तमानपत्र असेल तर?"

मी तिला 'पाचशे'ची गोष्ट सांगितली.